कोपऱ्यातला कर्णा

सभेच्या मंडपाला बांधलेला कर्णा दोन गल्ल्या ओलांडून ऐकू येतो, पण त्यातून डग्ग्याची घुमक काही येत नाही. स्वर जितका खालचा, तितके कर्ण्याचे तोंड मोठे लागते. ४० हर्ट्झच्या खर्जाची तरंगलांबी साधारण साडेआठ मीटर. मोकळ्या जागेत तो नीट वाजवायचा तर तोंडाचा व्यास पावणेतीन मीटर हवा. असला कर्णा घरात कोण ठेवणार? यातून वाट काढली पॉल विल्बर क्लिप्श या अमेरिकी अभियंत्याने.

क्लिप्श यांचा जन्म ९ मार्च १९०४ रोजी इंडियाना राज्यातील एल्खार्ट येथे झाला. न्यू मेक्सिकोत अभियांत्रिकीची पदवी, मग जनरल इलेक्ट्रिकमध्ये नोकरी, चिलीतल्या नायट्रेट कंपनीच्या विजेवरील रेल्वे इंजिनांची देखभाल, १९३४ मध्ये स्टॅनफर्डची पदवी, टेक्सासमध्ये भूभौतिकीचे काम अशी त्यांची भटकंती झाली. दुसऱ्या महायुद्धात लष्कराने त्यांना आर्कान्सा राज्यातील होप या छोट्या गावी, दारूगोळ्याच्या चाचणी केंद्रावर धाडले. ते तिथेच राहिले.

त्यांची युक्ती खोलीच्या कोपऱ्यात होती. दोन भिंती आणि जमीन जिथे मिळतात तिथून निघणाऱ्या आवाजाला पसरायला एक अष्टमांश अवकाशच मिळतो, त्यामुळे कर्ण्याच्या तोंडाचे क्षेत्रफळही तेवढ्याच पटीने कमी चालते. कर्ण्याची नळी त्यांनी लाकडी पेटीत घडी घालून बसवली आणि तिचा शेवटचा भाग म्हणून घराच्या भिंतीच वापरल्या.

खरी कसोटी पुढे होती. घडीच्या वळणांत वरचे स्वर अडतात, म्हणून ४०० हर्ट्झच्या आसपास काम मधल्या, सरळ कर्ण्याकडे सोपवावे लागते. हा सांधा नेमका माणसाच्या गळ्याच्या पट्ट्यात येतो. तो जुळला नाही तर गायकाचा आवाज दुभंगतो. शिवाय कर्णा अगदी कमी विजेत मोठा वाजतो. त्याच्या जोडीला खर्जासाठी साधी पेटी दिली, तर ती मागे पडते. म्हणून खर्जही कर्ण्यातूनच हवा, हा क्लिप्श यांचा आग्रह. त्याला आणखी एक कारण होते. कर्णा जोडला की स्पीकरच्या पडद्याला फार हलावे लागत नाही. तो खर्जासाठी जोरात मागेपुढे होऊ लागला, तर त्याच पडद्यावरचे इतर स्वर थरथरतात. या विकृतीची मोजमापे त्यांनी पुढे शोधनिबंधांतून मांडली.

घडीच्या नळीतून येणारा खर्ज काही मिलिसेकंद उशिरा पोहोचतो, हे मात्र खरे. तो फरक कानाला कळतो की नाही, यावर हौशी मंडळी अजून भांडतात.

१९४६ मध्ये होपमध्येच त्यांनी कंपनी काढली आणि ‘क्लिप्शहॉर्न’ विकायला सुरुवात केली. १९५४ मध्ये एडगर विल्चर यांची लहान बंद पेटी आली. तिच्यातून खर्ज छान निघे, फक्त ॲम्प्लिफायर ताकदीचा लागे. कोपरे अडवणाऱ्या कपाटाएवढ्या स्पीकरपेक्षा बाजाराला ती सोयीची वाटली, यात नवल नाही. क्लिप्श यांनीही १९५७ मध्ये कोपरा न लागणारा लहान स्पीकर काढला. दोन कोपऱ्यांतल्या स्पीकरांमध्ये मध्यभागी पडणारी आवाजाची पोकळी त्याने भरायची होती. आपल्याच कोपऱ्याच्या सिद्धान्ताशी केलेली फितुरी म्हणून त्याचे नाव ठेवले ‘हेरेसी’, म्हणजे पाखंड.

५ मे २००२ रोजी, ९८व्या वर्षी, होपमध्येच त्यांचे निधन झाले. क्लिप्शहॉर्न आजही त्याच गावात तयार होतो.