ज्योची आई आणि लुईझाची आई

शांताबाई शेळके यांनी 'चौघीजणी' या नावाने मराठीत आणलेले 'लिटल विमेन' हे पुस्तक ज्यांनी बाराव्या-तेराव्या वर्षी वाचले, त्यांच्या मनात मार्च कुटुंबाचे घर कायमचे वसलेले असते. वडील लढाईवर गेलेले, मिळकत बेताची, आणि मेग, ज्यो, बेथ व एमी या चार मुलींना मायेने सांभाळणारी शांत, समंजस आई. हे घर ज्या घरावरून बेतले ते मात्र इतके शांत नव्हते. लेखिका लुईझा मे ऑल्कॉट हिच्या घरी चार बहिणी होत्या, आई होती, दारिद्र्यही होते. पण वडील लढाईवर गेलेले नव्हते. ते घरीच होते, आणि बरीचशी अडचण तीच होती.

लुईझाचा जन्म २९ नोव्हेंबर १८३२ रोजी पेन्सिल्व्हेनियातील जर्मनटाउन येथे झाला. योगायोग असा की वडिलांची जन्मतारीखही तीच. ब्रॉन्सन ऑल्कॉट हे शिक्षणाचे नवे प्रयोग करणारे तत्त्वचिंतक, इमर्सनचे मित्र. बोस्टनमध्ये त्यांनी काढलेली शाळा, मुलांशी बायबलविषयी केलेले संवाद छापल्यामुळे उठलेल्या गदारोळात बुडाली. पुढच्या शाळेत एका कृष्णवर्णीय मुलीला त्यांनी प्रवेश दिला, तिला काढण्यास नकार दिला, आणि तीही शाळा बंद पडली. माणूस तत्त्वाचा होता यात शंका नाही. मात्र त्या तत्त्वांची किंमत रोजच्या रोज मोजावी लागे ती त्यांच्या पत्नीला. अ‍ॅबिगेल मे ही बोस्टनच्या प्रतिष्ठित घराण्यातली मुलगी; बुद्धीने तल्लख, गुलामगिरीची कट्टर विरोधक, आणि रागाने तापट. १८३० मध्ये लग्न झाल्यापासून माहेरची मदत आणि शेजाऱ्यांची उधारी यांवर तिने संसार रेटला.

ब्रॉन्सन मुलींच्या बालपणाची बारीक नोंद ठेवीत. थोरली अ‍ॅना गोरी व शांत, म्हणजे त्यांच्यासारखी. लुईझा सावळी, हट्टी, आदळआपट करणारी, म्हणजे आईसारखी. गोरा रंग आणि सात्त्विक स्वभाव यांचा काही संबंध आहे असे त्यांचे खरोखरच मत होते. (रंगावरून स्वभाव ठरविण्याची खोड केवळ आपल्याकडेच आहे असे नव्हे!) अशा तऱ्हेने एका घरात दोन पक्ष पडले, आणि आई व दुसरी लेक एका बाजूला आल्या.

या मायलेकींचे नाते गाढ होते. सोपे मात्र नव्हते. ऑल्कॉटांच्या घरी मुलींनी रोजनिशी लिहावयाची आणि ती आईवडिलांनी वाचावयाची, असा रिवाज होता. अ‍ॅबिगेल लुईझाच्या वहीत चिठ्ठ्या लिहून ठेवी. त्यांत कौतुक असे, आणि राग आवर अशी विनवणीही असे. स्वतःला जे साधले नाही ते मुलीला साधावे, ही आईची इच्छा कोणत्या घरात नसते? लुईझाला लिहिण्यासाठी लेखणी भेट दिली तीही याच आईने. ही मुलगी लेखिका होणार हे तिने फार लवकर ओळखले होते. पण जी वही आई वाचणार आहे, तीत मुलीने स्वतःच्या मनातले किती लिहावे? लुईझाच्या पुढच्या साऱ्या लेखनावर या प्रश्नाची सावली आहे असे आम्हांस वाटते.

१८४३ च्या जूनमध्ये ब्रॉन्सन आणि चार्ल्स लेन नावाचे त्यांचे इंग्रज स्नेही यांनी मॅसॅच्युसेट्समध्ये 'फ्रूटलँड्स' ही वसाहत काढली. मांस नाही, दूध नाही, चहा नाही. कापूस गुलामांच्या घामाचा म्हणून सुती कापड वर्ज्य; लोकर मेंढीच्या मालकीची म्हणून तीही वर्ज्य. चर्चा करायला पुरुष पुष्कळ होते, आणि चूल, धुणे, दिवाबत्ती मात्र एकट्या अ‍ॅबिगेलच्या माथी. लुईझाने तीस वर्षांनी, १८७३ मध्ये, या प्रयोगावर एक उपहासकथा लिहिली. धान्य कापून पडले आहे, वादळ येत आहे, पुरुषमंडळी तत्त्वज्ञान सांगत गावोगाव हिंडत आहेत, आणि आई मुलांना हाताशी घेऊन धान्य घरात आणते आहे, असे चित्र तीत आहे. पण खरा धोका वादळाचा नव्हता. कुटुंब हा आत्मिक उन्नतीतला अडथळा आहे, असे लेन यांचे म्हणणे होते आणि ब्रॉन्सनना ते पटू लागले होते. आईवडील वेगळे होणार की काय, ही चर्चा डिसेंबरात मुलींच्या देखत झाली. लुईझा तेव्हा नुकतीच अकरा वर्षांची झाली होती. अखेर मुले आणि सामान घेऊन आपण निघतो असे अ‍ॅबिगेलने बजावले. १८४४ च्या आरंभी प्रयोग संपला. ब्रॉन्सन अन्न सोडून अंथरुणाला खिळले. सावरले, पण घर चालविण्याइतके पैसे त्यांनी पुढे कधीच मिळविले नाहीत.

मग अ‍ॅबिगेलने बोस्टनमध्ये गरिबांच्या मदतीचे पगारी काम केले, मोलकरणींना नोकऱ्या मिळवून देणारी कचेरी चालविली. लुईझाने शिकवण्या केल्या, शिवणकाम केले, डेडहॅमला एका घरी सात आठवडे कामाला राहिली आणि चार डॉलर घेऊन परत आली. एका प्रकाशकाने तिला शिक्षिकेचीच नोकरी धरून राहण्याचा सल्ला दिला. तिने तो मानला नाही, हे बरे झाले.

गरिबांना मदत करण्याचे आईचे व्रत घराला फार महाग पडले. १८५६ मध्ये शेजारच्या एका गरीब कुटुंबाकडून आलेल्या स्कार्लेट तापाने तिसरी बहीण लिझी आजारी पडली, ती पुन्हा धड झालीच नाही. १४ मार्च १८५८ ला, बावीस वर्षांची असताना, ती गेली. तीच पुस्तकातली बेथ. लगेच अ‍ॅनाचे लग्न ठरले, आणि लुईझाला दुसरी बहीण गमावल्यासारखे वाटले. बहिणीचे लग्न हेही एक प्रकारचे मरण, ही तिची भावना ज्योच्या तोंडी पुढे आलीच आहे.

यादवी युद्धात गेली ती लुईझा. १८६२ च्या डिसेंबरात ती वॉशिंग्टनजवळच्या जॉर्जटाउनच्या इस्पितळात परिचारिका झाली. काही आठवड्यांतच तिला विषमज्वर झाला. त्यावर पाऱ्याचे औषध दिले गेले, आणि त्यानंतर तिची प्रकृती कधीच निकोप राहिली नाही. म्हणजे पुस्तकात वडील ज्या रणभूमीवर जातात, तिथे प्रत्यक्षात लेक गेली होती. १८६८ मध्ये प्रकाशक नाइल्स यांच्या आग्रहावरून, मुलींसाठी लिहिण्याची फारशी हौस नसताना, तिने 'लिटल विमेन' लिहिले. दुसरा भाग १८६९ मध्ये आला. वडिलांना घराबाहेर पाठविल्याखेरीज आई आणि मुलींची गोष्ट सांगता येणार नाही, हे तिने बरोबर हेरले होते.

आईला तिने किती बदलले? वाटते तितके नाही. एमी ज्योच्या कथांची वही जाळते, ज्यो तिला क्षमा करीत नाही, आणि एमी बर्फ फुटून पाण्यात पडते. त्या प्रसंगानंतर ही शांत आई ज्योला सांगते की आपल्यालाही रोज राग येतो, चाळीस वर्षे तो आवरण्याचा प्रयत्न चालू आहे. वाचक हे वाक्य ओलांडून पुढे जातात. वास्तविक अ‍ॅबिगेलचे सारे आयुष्य त्या एका कबुलीत आहे. फरक एवढाच, की पुस्तकातल्या आईला राग आवरायला तिचा नवरा मदत करतो. खऱ्या आईच्या रागाचे मोठे कारणच तो होता.

आणि एमी? ती धाकटी मे. चित्रकार, देखणी, हवे ते सहज मिळविणारी. 'लिटल विमेन'च्या पहिल्या आवृत्तीतली चित्रे तिचीच. त्यांवर टीका झाली. लुईझाने आपल्या पैशांवर तिला लंडनला, पॅरिसला शिकायला पाठविले. स्वतः मात्र ती दुखणाईत आईजवळ राहिली. मेच्या नशिबाचा हेवा तिला वाटे, आणि मेच्या यशाचा अभिमानही. १८७७ मध्ये पॅरिसच्या 'सलोन' या नामांकित प्रदर्शनात मेचे चित्र लागले. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला अ‍ॅबिगेल वारली. लुईझा उशाशी होती, मे परदेशात. चार महिन्यांनी मेने आपल्याहून बऱ्याच लहान अशा अर्न्स्ट नीरिकर या स्विस तरुणाशी लग्न केले. लुईझाने दोष दिला नाही. पण एकीने जगावे आणि दुसरीने त्याचा खर्च करावा, ही वाटणी तिला सलत नसेल असे कोण म्हणेल? ८ नोव्हेंबर १८७९ ला मेला मुलगी झाली. तिचे नावही लुईझा मे. सात आठवड्यांत मे गेली. मूल थोरल्या बहिणीला द्यावे अशी तिची इच्छा होती. १८८० च्या सप्टेंबरात दहा महिन्यांची 'लुलू' समुद्र ओलांडून बोस्टनला आली, आणि सत्तेचाळीस वर्षांची अविवाहित लुईझा आई झाली.

१८८२ मध्ये लुईझाने आईच्या रोजनिश्या वाचल्या आणि आईच्याच इच्छेप्रमाणे नष्ट केल्या. काही कागद वाचले, त्यांवरूनच पुढे चरित्रकारांना खरी अ‍ॅबिगेल थोडीफार दिसली. ज्या आईने मुलीची प्रत्येक वही वाचली, तिच्या वह्या अखेर मुलीने वाचल्या, आणि दुसऱ्या कोणी वाचू नयेत याची शक्य तेवढी व्यवस्था केली. त्यांत ब्रॉन्सनविषयी काय होते, याचा तर्कच करावयाचा.

४ मार्च १८८८ ला ब्रॉन्सन वारले. दोनच दिवसांनी, ६ मार्चला, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी लुईझा गेली. पुस्तकांचे हक्क घरातच राहावेत म्हणून तिने आदल्या वर्षी अ‍ॅनाच्या एका मुलाला कायदेशीर दत्तक घेतले होते. लुलू पुढच्या वर्षी वडिलांकडे स्वित्झर्लंडला परत गेली. चौघींपैकी अ‍ॅना तेवढी मागे उरली होती. ती १८९३ मध्ये वारली.