लवजी नसरवानजी वाडिया

अठराव्या शतकाच्या आरंभी पश्चिम किनाऱ्यावर सुरत हे भरभराटीचे बंदर होते. तापी नदीच्या तीरावर तेथे मोठमोठी जहाजे बांधली जात, आणि या कामात पारशी कारागिरांचा हातखंडा असे. त्या कारागिरांपैकीच एक लवजी नसरवानजी. धनजीभाई नावाच्या जहाज बांधणाऱ्या गृहस्थाकडे ते मुकादम होते.

१७३५ साली मुंबईच्या ईस्ट इंडिया कंपनीने एक जहाज बांधवून घेण्यासाठी डडली नावाच्या अधिकाऱ्यास सुरतेला पाठविले. लवजींचे कसब आणि त्यांचा कामाचा उरक पाहून डडली थक्क झाला. मुंबईत कंपनीची नवी गोदी उभी राहत होती. तिचा कारभार लवजींनी हाती घ्यावा, असा आग्रह त्याने धरला. मोठ्या मानाची संधी आपण होऊन दाराशी आली होती. परंतु धन्याचे काम अर्धवट टाकून जाणे लवजींच्या मनाला पटेना. हातातील जहाज पुरे होऊन ताब्यात दिले जाईपर्यंत आपण सुरत सोडणार नाही, असे त्यांनी निक्षून सांगितले. दिलेला शब्द त्यांनी पाळला, आणि मगच १७३६ साली काही निवडक सुतारांसह ते मुंबईस आले.

मुंबईत कामाला लागताच पहिला प्रश्न उभा राहिला तो लाकडाचा. त्यासाठी लवजींना उत्तरेकडे पाठविण्यात आले. तेथील संस्थानिकांशी बोलणी करून त्यांनी लाकडाच्या पुरवठ्याची व्यवस्था लावली. परत येताना त्यांनी आपले कुटुंबही मुंबईस आणले.

इंग्लंडात जहाजे ओक वृक्षाच्या लाकडाची करीत. हे लाकूड कणखर खरे, पण ते लवकर कुजे. आपल्याकडील सागवानात नैसर्गिक तेल असते. त्यामुळे त्याला कीड सहसा लागत नाही आणि त्यात ठोकलेले लोखंडी खिळे लवकर गंजत नाहीत. म्हणूनच मुंबईची सागवानी जहाजे ओकच्या जहाजांपेक्षा कितीतरी अधिक वर्षे टिकत.

जहाजाच्या तळाची दुरुस्ती हे मात्र मोठे जिकिरीचे काम असे. ओहोटीच्या वेळी जहाज चिखलात एका कुशीवर कलंडवावे लागे, आणि भरती येताच हातातील काम थांबवावे लागे. ही अडचण सुक्या गोदीमुळे दूर झाली. किनाऱ्यावर दगडी बांधकामाचे खोल कुंड करावयाचे, भरतीच्या पाण्याबरोबर जहाज आत घ्यावयाचे, दार बंद करावयाचे आणि पाणी बाहेर काढावयाचे. मग जहाज कोरड्या जागी टेकूंवर उभे राहते आणि सुतारांना तळाखाली जाऊन निवांतपणे काम करता येते. अशी पहिली सुकी गोदी मुंबईत १७५० साली तयार झाली. पुढे तिला लागून आणखी गोद्या बांधण्यात आल्या.

जहाज बांधण्याची विद्या त्या काळी पुस्तकांतून मिळत नसे. वाकस आणि पटाशी हाती घेऊनच ती शिकावी लागे. लवजींचे पुत्र माणेकजी आणि बमनजी बापाच्या हाताखालीच तयार झाले. नातू फ्रामजी आणि जमशेटजी गोदीत आले, तेव्हा आजोबा तेथील मुख्य होते. त्यांनी मनात आणले असते, तर नातवांना सहज मानाची जागा मिळाली असती. पण लवजींनी त्यांना साध्या सुतारांच्या रांगेत उभे केले. वेतन दरमहा १२ रुपये. लाकडाचा स्वभाव हाताला कळल्यावाचून कोणी जहाजाचा आराखडा करू नये, असा त्यांचा दंडक होता.

१७७४ साली लवजींचे निधन झाले. जवळजवळ चाळीस वर्षे एवढ्या मोठ्या गोदीचा व्यवहार त्यांच्या हातून चालला होता. तरी त्यांनी मागे ठेवले ते एक घर आणि बेताची रक्कम. त्यांची खरी ठेव निराळीच होती. दरमहा १२ रुपयांवर राबलेल्या जमशेटजींनी पुढे इंग्लंडच्या आरमारासाठी युद्धनौका बांधल्या. त्यांपैकी ७४ तोफांची 'मिंडेन' १८१० साली पाण्यात उतरली. १८१७ साली मुंबईत बांधलेली 'त्रिंकोमाली' ही नौका इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही पाण्यावर तरंगते आहे.

जहाज बांधणारा तो वाडिया. लवजींच्या धंद्यावरून पडलेले हे नाव त्यांच्या वंशजांनी अभिमानाने धारण केले. आणि त्यांच्या काळची ती जुनी गोदी आज भारतीय नौदलाच्या आवारात उभी आहे.