आकाशाची विस्मृत मानकरी
स्त्रियांना व्यावसायिक वैमानिकाचा परवाना नाकारणारा आंतरराष्ट्रीय नियम बदलायला लावणाऱ्या लेडी मेरी हीथ (१८९६-१९३९) मूळच्या आयर्लंडच्या. १९२८ मध्ये 'एव्हरो एव्हियन' या खुल्या, चिमुकल्या विमानातून त्या दक्षिण आफ्रिकेहून एकट्याने लंडनला पोहोचल्या. वाटेत बुलावायोजवळ उष्माघाताने भान हरपले, तरी त्या बचावल्या. त्याच वर्षी हे सोबती विमान त्यांनी अमेलिया इअरहार्ट यांना विकले. अटलांटिकवरून केवळ प्रवासी म्हणून आलेल्या अमेलियांनी त्यातूनच अमेरिका खंड एकट्याने ओलांडला आणि त्या परतल्याही. १९२९ मध्ये क्लीव्हलंडच्या अपघाताने हीथ यांची झेप खुंटली. दहा वर्षांनी लंडनमध्ये ट्राममध्ये पडून त्यांचा अंत झाला. विमानाच्या नव्या मालकिणीला जग ओळखते. ते आफ्रिकेवरून आणणारीला मात्र विसरले.