डॉ. कोटणीस चिनी भाषा का शिकले?

मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू एकाच बाजारात ऐकू येते, ते सोलापूर. याच शहरात १० ऑक्टोबर १९१० रोजी द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म झाला. मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजमधून ते डॉक्टर झाले.

१९३७ मध्ये जपानने चीनवर मोठं आक्रमण केलं. चीनच्या मदतीसाठी काँग्रेसने १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. त्यात अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू व मुखर्जी आणि सोलापूरचे कोटणीस होते. १९३९ च्या सुरुवातीला पथक येनानला पोहोचलं.

तिथे जखमी सैनिक, परिचारिका, मदतनीस सगळे चिनी बोलणारे. दुभाषा प्रत्येक वेळी जवळ असेलच असं नाही. शस्त्रक्रिया सुरू असताना भुलीची मात्रा किंवा रक्तस्रावाबद्दलची एक सूचना चुकीची समजली, तर रुग्णाचा जीव जाऊ शकतो.

धोका डॉक्टरांनाही होता. कॅनडाचे प्रसिद्ध सर्जन नॉर्मन बेथ्यून यांच्या बोटाला शस्त्रक्रिया करताना जखम झाली. तिच्यातून संसर्ग पसरला आणि नोव्हेंबर १९३९ मध्ये ते गेले.

कोटणीस चिनी बोलायला, वाचायला आणि लिहायला शिकले. पुढे ते चिनी विद्यार्थ्यांना त्यांच्याच भाषेत शस्त्रक्रिया शिकवू लागले. १९४१ मध्ये बेथ्यून यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. चिनी लोक त्यांना 'के दिहुआ' म्हणत.

तिथल्याच परिचारिका गुओ छिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केलं. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचं नाव 'यिनहुआ' ठेवलं. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन.

अपुरं अन्न, अतिश्रम आणि फिट्सचा आजार यांनी त्यांना गाठलं. ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या ३२ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. पथकातले बाकीचे चौघे मायदेशी परतले, कोटणीस परतले नाहीत. १९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी त्यांच्या आयुष्यावर सिनेमा काढला. चीनमध्ये शिजियाझुआंग इथे त्यांची समाधी आहे, तर सोलापुरात त्यांच्या घरी स्मारक आहे.

आज यंत्रमागावर किंवा बांधकामावर तीन-चार भाषांचे कामगार एकत्र राबतात. तिथे धोक्याची पाटी एकाच भाषेत असेल, तर ती काहींसाठी नसल्यासारखीच. कोटणीसांनी समोरच्याने आपली भाषा शिकायची वाट पाहिली नाही. जबाबदारी आपली, म्हणून भाषाही आपणच शिकायची, असं ते वागले.