दीन महंमद : लंडनातील पहिले हिंदी उपाहारगृह

ज्या घरातील कोणी पोटासाठी मुंबईस किंवा परदेशी गेलेले नाही, असे घर आपल्या कोकणात विरळाच. परमुलखात गेल्यावर मनुष्यास घरच्या अन्नाची खरी किंमत कळते. याच अन्नावर परदेशी संसार उभारू पाहणाऱ्या एका पुरुषाचे चरित्र आमच्या विद्यार्थ्यांनी जाणून घेण्याजोगे आहे.

दीन महंमद यांचा जन्म इ. स. १७५९ मध्ये पाटणा येथे झाला. वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाली फौजेत होते. मुलगा दहा-अकरा वर्षांचा असतानाच ते लढाईत कामी आले. पुढे गॉडफ्रे बेकर नावाच्या आयरिश अधिकाऱ्याच्या आश्रयाने दीन महंमद छावणीत वाढले आणि सुभेदारपदास पोहोचले. १७८२ मध्ये दोघांनीही नोकरी सोडली आणि १७८४ मध्ये ते आयर्लंडातील कॉर्क शहरी आले. तेथे दीन महंमदांनी इंग्रजीचा कसून अभ्यास केला. १७८६ मध्ये जेन डेली या आयरिश तरुणीशी त्यांचा विवाह झाला आणि १७९४ मध्ये त्यांचे प्रवासवर्णन छापून निघाले. हिंदी मनुष्याने इंग्रजीत लिहून प्रसिद्ध केलेले ते पहिलेच पुस्तक होय.

त्यानंतर ते सहकुटुंब लंडनास गेले व १८१० मध्ये, वयाच्या पन्नाशीनंतर, जॉर्ज स्ट्रीटवर त्यांनी 'हिंदुस्तानी कॉफी हाऊस' उघडले. वेताच्या खुर्च्या, भिंतींवर हिंदुस्थानातील देखावे, ओढावयास हुक्का आणि ताटात देशी मसाल्याचे पदार्थ, असा तेथील थाट होता. करी लंडनला अपरिचित नव्हती. परंतु हिंदी मालकाचे असे उपाहारगृह तेथे पूर्वी नव्हते. हिंदुस्थानातून परतलेले धनिक आपले गिऱ्हाईक होतील, असा त्यांचा अंदाज होता. तथापि त्या धनिकांच्या घरी असे पदार्थ करणारे आचारी होतेच. खर्च भागेना, आणि १८१२ मध्ये दीन महंमदांचे दिवाळे निघाले. ज्यांनी सुभेदारी केली, ग्रंथ लिहिला, त्यांना वर्तमानपत्रात जाहिरात देऊन घरकामाची चाकरी शोधावी लागली!

परंतु ते खचले नाहीत. १८१४ मध्ये ते ब्रायटन या समुद्रकाठच्या गावी गेले. आपण ज्यास अंग चेपणे म्हणतो, ती कला त्यांनी औषधी वाफेच्या स्नानाबरोबर तेथे सुरू केली. 'शाम्पू' हा शब्द मूळचा याच कलेचा. लवकरच त्यांची कीर्ती राजवाड्यापर्यंत गेली आणि चौथा जॉर्ज व चौथा विल्यम या दोन राजांच्या सेवेत त्यांची नेमणूक झाली. धंद्याच्या भरात त्यांनी आपले वय दहा वर्षांनी वाढवून सांगितले, हा दोषही चरित्रकाराने लपवू नये. १८५१ मध्ये ब्रायटन येथेच त्यांचे निधन झाले. त्यांचे नातू फ्रेडरिक अकबर महंमद हे रक्तदाबाच्या संशोधनाने वैद्यकशास्त्रात नावाजले.

२००५ मध्ये जॉर्ज स्ट्रीटवर त्या उपाहारगृहाची स्मृतिपाटी बसविण्यात आली. आज ब्रिटनमध्ये हिंदी पद्धतीच्या जेवणाची हजारो उपाहारगृहे आहेत. ज्या दुकानाने मालकास कर्जात लोटले, त्याची कल्पना खोटी नव्हती. ती फार लवकर आली, इतकेच. परीक्षेत वा व्यवहारात एकदा हरलेल्या मुलाने, आणि त्याच्यावर रागावलेल्या पालकांनीही, हे ध्यानी धरावे.