वंदनीय फादर ऑगस्टस टोल्टन

ज्युबिलीच्या वर्षीं आपण आपल्या पूर्वजांचें स्मरण करतों. बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदवह्यांतून त्यांचीं नांवें शोधतों आणि तीं सांपडलीं म्हणजे धन्यता मानतों. परंतु अमेरिकेंत श्रद्धेचा एक पूर्वज असा होऊन गेला, कीं ज्याच्या बाप्तिस्म्याच्या नोंदींत त्याचें नांवच नाहीं. त्याचें हें अल्प चरित्र.

अमेरिकेंतील मिसुरी राज्यांत त्या काळीं गुलामगिरी चालत असे. तेथील राल्स परगण्यांत, ब्रश क्रीक नांवाच्या शेतकरी वस्तींत, १ एप्रिल १८५४ रोजीं ऑगस्टसचा जन्म झाला. पिता पीटर पॉल टोल्टन व माता मार्था जेन चिझली हीं दोघेंही कॅथलिक आणि दोघेंही गुलाम. मार्था तर केंटकीहून धनिणीच्या लग्नांत आंदण म्हणून आलेली! २९ मे रोजीं सेंट पीटर चर्चमध्यें बालकाचा बाप्तिस्मा झाला. धर्ममाता झाली ती धन्याचीच पत्नी. नोंदवहींत आईबापांचीं व धन्याचीं नांवें आलीं. बालक मात्र धन्याची मालमत्ता म्हणून नोंदलें गेलें. ज्या संस्कारानें तें देवाचें लेंकरूं झालें, त्याच्याच नोंदींत तें माणसाचें धन ठरलें.

१८६१ सालीं यादवी युद्ध पेटलें. पिता उत्तरेच्या सैन्याला मिळाला, तो परतला नाहीं. १८६२ सालीं मार्था तीन लेंकरांसह निसटली व मिसिसिपी नदी ओलांडून इलिनॉय राज्यांतील क्विन्सी शहरीं पोंचली. तेथें ऑगस्टस तंबाखूच्या कारखान्यांत राबूं लागला. एका कॅथलिक शाळेंत त्याला घेतलें, परंतु गोऱ्या पालकांच्या विरोधामुळें ती लवकरच सोडावी लागली. पुढें फादर पीटर मॅकगिर यांनीं त्याला सेंट पीटर शाळेंत घेतलें; लोकांच्या तक्रारींना ते बधले नाहींत.

मुलाच्या मनांत धर्मगुरु होण्याची ओढ उपजली, परंतु अमेरिकेंतील एकही सेमिनरी त्याला घेईना. ख्रिस्तसभेच्या लेंकरांचें हें पाप आपण झांकूं नये. अखेर १८८० सालीं रोमच्या प्रोपागांदा कॉलेजांत त्याला प्रवेश मिळाला आणि २४ एप्रिल १८८६ रोजीं सेंट जॉन लॅटरन महामंदिरांत त्याची गुरुदीक्षा झाली. आपणांस आफ्रिकेंत पाठवितील अशी फादर टोल्टन यांची समजूत होती. परंतु ज्या देशानें त्यांना नाकारलें, तेथेंच जाण्याची आज्ञा झाली, व ती त्यांनीं शिरसावंद्य मानली.

क्विन्सीस सेंट जोसेफ चर्चमध्यें गोरे लोकही त्यांच्या प्रवचनास येऊं लागले. त्यामुळें मत्सर वाढला, पुष्कळ मनस्ताप झाला. १८८९ सालीं ते शिकागोस गेले. तेथें आपल्या गरीब लोकांसाठीं सेंट मोनिका चर्च उभारण्यास त्यांनीं आरंभ केला. मदर कॅथरिन ड्रेक्सेल यांनीं द्रव्यसाहाय्य केलें. परंतु काम पुरें होण्यापूर्वींच, ९ जुलै १८९७ रोजीं, कडक उन्हाच्या तडाख्यानें वयाच्या ४३ व्या वर्षीं ते देवाघरीं गेले. क्विन्सीच्या दफनभूमींत ते विसावले आहेत. १२ जून २०१९ रोजीं पोप फ्रान्सिस यांनीं त्यांस वंदनीय ही पदवी दिली.

प्रिय धर्मबंधूंनो आणि भगिनींनो, ज्या बालकाचें नांव वहींत आलें नाहीं, तें आज ख्रिस्तसभा आदरानें उच्चारते. या ज्युबिलींत आपल्या चर्चच्या दारीं जातीमुळें, वर्णामुळें किंवा दारिद्र्यामुळें कोणी मागें उभा राहिला आहे काय, हें प्रत्येकानें प्रभूसमोर आपल्या मनाला विचारावें. आणि असेल, तर त्याचा हात धरून त्याला आंत आणावें.