शीना मार्शल

शीना मॅकॲलिस्टर मार्शल (२० एप्रिल, १८९६:रोथसे, ब्यूट बेट, स्कॉटलंड - ७ एप्रिल, १९७७) या स्कॉटिश सागरी जीवशास्त्रज्ञ होत्या. समुद्रात तरंगणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांच्या, म्हणजे प्राणिप्लवकांच्या, आहारावरील संशोधनासाठी त्या ओळखल्या जातात. कॅलॅनस फिनमार्किकस हा तांदळाच्या कणीएवढा कवचधारी प्राणी त्यांच्या अभ्यासाचा मुख्य विषय होता. कॅलॅनस कोपेपोड गटात मोडतो. उत्तर अटलांटिक महासागरात तो विपुल असून हेरिंग माशाचे ते एक प्रमुख खाद्य आहे.

शिक्षण आणि कारकीर्द

मार्शल यांचे वडील डॉक्टर होते. १९१९ मध्ये त्यांनी ग्लासगो विद्यापीठाची विज्ञान शाखेची पदवी मिळवली. १९२२ मध्ये त्या ग्रेट कम्ब्रे बेटावरील मिलपोर्ट येथील सागरी संशोधन केंद्रात रुजू झाल्या आणि त्यांची पुढील सर्व कारकीर्द तेथेच घडली. १९२३ मध्ये रसायनशास्त्रज्ञ अँड्र्यू पिकन ऑर त्या केंद्रात आले. या दोघांचे संयुक्त संशोधन १९६२ मध्ये ऑर यांचे निधन होईपर्यंत चालू होते.

१९२८-२९ मध्ये मॉरिस याँग यांच्या नेतृत्वाखाली ऑस्ट्रेलियातील ग्रेट बॅरियर रीफवर गेलेल्या मोहिमेत दोघेही सहभागी होते. तेथे मार्शल यांनी वनस्पतिप्लवकांचा आणि प्रवाळांच्या प्रजननाचा अभ्यास केला.

आहारविषयक संशोधन

विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मन शास्त्रज्ञ ऑगस्ट प्युटर यांनी एक वादग्रस्त मत मांडले होते. समुद्राच्या पाण्यात तरंगणारे अन्नकण इतके विरळ असतात की केवळ त्यांवर प्राणिप्लवकांचे पोषण होणे शक्य नाही. पाण्यात विरघळलेली सेंद्रिय द्रव्येही ते शोषून घेत असले पाहिजेत, असे ते मत होते. त्याची शहानिशा करण्यासाठी एखादा प्राणी काय खातो, एवढेच नव्हे, तर किती खातो, हेही मोजणे आवश्यक होते.

१९२३ मध्ये पकडलेल्या कॅलॅनसच्या अन्ननलिकेतील अवशेष तपासून मार्शल यांनी त्याच्या आहाराविषयीचा शोधनिबंध १९२४ मध्ये प्रसिद्ध केला. या पद्धतीला एक मर्यादा होती. डायाटम या एकपेशीय वनस्पतींची सिलिकायुक्त कवचे अन्ननलिकेत ओळखता येतात; मृदू शरीराच्या सूक्ष्मजीवांचा मात्र मागमूस उरत नाही.

त्यानंतर मार्शल आणि ऑर यांनी लॉख स्ट्रिव्हन या खाडीत वसंत ऋतूतील डायाटमांची वाढ, पाण्यातील फॉस्फेटचे प्रमाण आणि कॅलॅनसच्या पिढ्या यांचा अभ्यास केला. १९५२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून मादीची अंडी घालण्याची क्षमता तिला मिळणाऱ्या अन्नावर अवलंबून असल्याचे त्यांनी दाखवले. उपाशी ठेवलेल्या माद्यांची अंडी घटत आणि अन्न मिळताच पुन्हा वाढत.

आहाराच्या मोजमापासाठी दोघांनी किरणोत्सारी फॉस्फरसचा वापर केला. या फॉस्फरसयुक्त द्रावणात वाढवलेले सूक्ष्म वनस्पतिप्लवक कॅलॅनसला खाऊ घालून नंतर त्याचे शरीर, अंडी आणि विष्ठा यांतील किरणोत्सार मोजला जाई. त्यावरून किती अन्न गिळले गेले, किती पचले आणि किती अंड्यांत उतरले हे कळू लागले. डायाटमांप्रमाणेच कशाभिका असलेले सूक्ष्मजीवही कॅलॅनस खातो, हे या प्रयोगांतून दिसले. हे निष्कर्ष १९५५ मध्ये प्रसिद्ध झाले. कॅलॅनसच्या पिलांवरील पुढील निबंध १९५६ चा आहे. अंड्यातून बाहेर पडलेले पिलू पहिल्या दोन अवस्थांत काही खात नाही. तिसऱ्या अवस्थेपासून ते खाऊ लागते.

कॅलॅनसविषयीचे तोपर्यंतचे ज्ञान दोघांनी १९५५ मध्ये ग्रंथरूपाने एकत्र केले.

नंतरचे संशोधन

मार्शल यांच्या काळात कॅलॅनस मुखाजवळील उपांगांच्या केसाळ जाळीतून पाणी गाळून अन्न मिळवतो, असे सर्वसाधारणपणे मानले जाई. त्यांच्या निधनानंतर, १९८० च्या सुमारास झालेल्या अतिवेगवान चित्रीकरणाने या कल्पनेत दुरुस्ती केली. एवढ्या लहान प्राण्याला पाणी मधासारखे चिकट भासते आणि ते केसांमधून सहज गळत नाही. त्यामुळे कोपेपोड उपांगांच्या हालचालीने प्रवाह निर्माण करतात आणि अन्नकण असलेला पाण्याचा लहानसा भाग मुखाकडे ओढून घेतात, असे आढळले. अन्न पकडण्याच्या क्रियेचे चित्र असे बदलले, तरी ग्रहण केलेल्या अन्नाच्या थेट मोजमापाची मार्शल आणि ऑर यांनी घालून दिलेली दिशा पुढेही उपयुक्त ठरली.

सन्मान

१९४९ मध्ये रॉयल सोसायटी ऑफ एडिनबराने सदस्य म्हणून निवडलेल्या पहिल्या महिलांमध्ये मार्शल यांचा समावेश होता. १९६३ मध्ये त्या लंडनच्या रॉयल सोसायटीच्या सदस्य झाल्या आणि १९६६ मध्ये त्यांना ओबीई हा किताब मिळाला. उतारवयातही त्यांचे लेखन चालू राहिले. कोपेपोडांचे श्वसन आणि आहार यांचा त्यांचा विस्तृत आढावा १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला.